स्पेसबार घराणं

‘परभणी जिल्ह्यातील पालम येथे जन्मलेला हा कलावंत मानवी शरीर, अवकाश आणि यंत्र यांच्यातील संवादाच्या शक्यता धुंडाळतो.’

हे वाक्य माझ्याविषयी आहे आणि ते मीच लिहिलं आहे. आमच्या धंद्यात स्वतःविषयी असं परक्यानं लिहावं तसं लिहायची रीत आहे. कॅटलॉगमध्ये ते छापून आलं की मी पुन्हा पुन्हा वाचतो आणि या माणसाला एकदा भेटलं पाहिजे असं दर वेळी मनात येतं. प्रत्यक्षात हा कलावंत दिवसाचा बराच वेळ अर्थिंग असलेला प्लग पॉइंट धुंडाळत असतो.

पालमचं नाव मी पूर्वी खाली, जन्मतारखेच्या शेजारी, बारीक टायपात ठेवायचो. मग मुंबईतल्या एका प्रदर्शनाच्या वेळी क्युरेटर बाई म्हणाल्या, “तुमचं गाव हेच तुमचं भांडवल आहे.” तेव्हापासून पालम पहिल्या ओळीत आलं. आबांनी याच भांडवलावर उभा जन्म घालवला आणि त्यातून एक विहीर पाडली, तिलाही उन्हाळ्यात पाणी नसतं. मी त्याच भांडवलावर फेलोशिपचे अर्ज करतो. पाण्याची परिस्थिती साधारण तीच आहे.

बाहेरच्या मंडळींना पालम म्हटलं की दिल्लीचा विमानतळ आठवतो. “अच्छा, एअरपोर्टजवळ!” असं कुणी म्हणालं की मी मंद हसतो. खोटं बोलत नाही, नुसता हसतो. गंगाखेडहून लोह्याकडं जाताना लागतं, सोयाबीन आणि कापूस पिकतो, गोदाकाठचा तालुका आहे, हे सगळं सांगायला वेळ लागतो आणि उद्घाटनाच्या संध्याकाळी वेळ कुणाकडंच नसतो. वाइन संपत आलेली असते.

परभणीचा मात्र मला वैचारिक पातळीवर फार उपयोग झाला. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकतो. माझ्या क्षेत्रापुरता मी त्याचा अर्थ लावून टाकलेला आहे. नाम जून पाइक नावाच्या कोरियन गड्यानं १९६३ मध्ये टीव्हीचे डबे मांडून, त्यांच्या आतल्या चित्राशी खोड्या करून एक प्रदर्शन भरवलं, ते जर्मनीत, वुपरटालला. व्हिडिओ कलेची गंगोत्री तीच मानतात. न्यू मीडियावाल्यांची काशी म्हणजे झेडकेएम, तेही जर्मनीत, कार्ल्सरूहला, १९८९ मध्ये स्थापन झालेलं. म्हणजे जगात जर्मनी हे सिद्धच आहे. उरलेली अर्धी म्हण सिद्ध करायची कामगिरी नियतीनं माझ्यावर सोपवली आहे, असं मला बरीच वर्षं अगदी मनापासून वाटत होतं. याच गावाबद्दल ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ असंही म्हणतात. घरच्यांचा कल या दुसऱ्या म्हणीकडं आहे.

मी करतो काय, तर माणूस भिंतीसमोर येतो, कॅमेरा त्याला बघतो, प्रोग्रॅम थोडा विचार करतो आणि भिंत काहीतरी उत्तर देते. १९९९ मध्ये कॅमिल अटरबॅक आणि रोमी अखितुव यांनी ‘टेक्स्ट रेन’ केलं. पडद्यावर अक्षरांचा पाऊस पडतो आणि ती अक्षरं समोर उभ्या माणसाच्या डोक्याखांद्यावर येऊन थांबतात. आपल्या जे. जे.त शिकलेल्या शिल्पा गुप्ता यांच्या ‘शॅडो’ मालिकेत तुमची सावली पडद्यावर उमटते आणि वरून कसलंबसलं सामान घरंगळत येऊन त्या सावलीला चिकटत जातं. राफाएल लोझानो-हेमर यांच्या २००६ मधल्या ‘पल्स रूम’मध्ये दांडी धरली की तुमच्या नाडीच्या ठेक्यावर बल्ब लुकलुकतो, आणि आधी येऊन गेलेल्यांची नाडी छतावरच्या बाकीच्या बल्बांत चालू राहते. हे काम पालमला आणायचं माझं जुनं स्वप्न आहे. फक्त भारनियमनाच्या वेळी एवढ्या लोकांची हृदयं एकदम बंद पडलेली बघायला गावात कुणाची छाती होणार नाही.

‘प्रेक्षकाशिवाय ही कलाकृती अपूर्ण आहे,’ हे आमच्याकडचं आणखी एक ठेवणीतलं वाक्य. यात तथ्य आहे. माझ्या काही कलाकृती अजून अपूर्ण आहेत.

हे सगळं मी पालमला बसून शिकलो, याचा मला वाजवीपेक्षा जास्त अभिमान आहे. वाजवीपेक्षा अशासाठी की श्रेय दुसऱ्यांचं आहे. २००१ मध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी कलावंतांना प्रोग्रॅमिंग यावं म्हणून ‘प्रोसेसिंग’ काढलं आणि फुकट वाटलं. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रिया गावात ‘आर्डुइनो’ हा सर्किटचा बोर्ड निघाला. त्याची रचना सगळ्यांना खुली, त्यामुळं नकला निघाल्या, आणि त्यातलीच एक नक्कल काही शे रुपयांत माझ्यापर्यंत पोचली. त्या बोर्डाला नाव दिलं ते गावातल्या एका बारचं, कारण करणारी मंडळी तिथं बसायची. बार आमच्याकडंही आहेत आणि मंडळीही बसतात.

आता खरं पोटापाण्याचं. आमच्या धंद्यात दोन पंगती असतात. कलावंत काळा कुर्ता घालून पडद्यापुढं उभा राहतो आणि प्रोग्रॅमर पडद्यामागं गुडघ्यावर बसून वायरी दाबत असतो. स्वतःच्या कामात मी दोन्ही असतो, दुसऱ्यांच्या कामात फक्त मागचा. भिंतीवरच्या पाटीत कलावंताचं नाव ठळक असतं आणि आभाराच्या यादीत माझं नाव चहावाल्याच्या नंतर आलेलं मी पाहिलं आहे. चहा चांगला होता, त्यामुळं तक्रार करता आली नाही.

पण कलेपेक्षा जास्त दिवस मला पोसलं ते डिजिटल दीपप्रज्वलनानं. काचेच्या चौकटीवर पंजाचं चित्र असतं. मान्यवर त्यावर पंजा टेकवतात, प्रकाशाची रेघ सळसळत वर जाते, पडद्यावर समई उजळते, टाळ्या पडतात, आणि निवेदक ‘अत्याधुनिक सेन्सर तंत्रज्ञान’ असं काहीतरी म्हणतो. आतलं सांगतो. मान्यवरांचा पंजा घामेजलेला असतो, बोटांत पुष्कराज आणि पोवळं असतं, एकाच वेळी पाच जण हात घालतात, सहावा रुसतो म्हणून त्याचाही हात ओढून घेतात. अशा प्रसंगी सेन्सरवर विसंबणारा माणूस या धंद्यात फार दिवस राहत नाही. म्हणून पडद्यामागं एक पोरगं लॅपटॉप मांडीवर घेऊन बसवलेलं असतं. फटीतून पंजा टेकलेला दिसला की ते स्पेसबार दाबतं. ते पोरगं बरीच वर्षं मी होतो. महाराष्ट्राच्या विकासाच्या कितीतरी ज्योती माझ्या उजव्या अंगठ्यानं पेटलेल्या आहेत.

आबांना मी एकदा पणजीला घेऊन गेलो होतो, तिथल्या डिसेंबरातल्या कला महोत्सवात. अंधाऱ्या खोलीत माझ्या भिंतीसमोर त्यांना उभं केलं. त्यांनी हात वर केला, भिंतीवर लाट उठली. हात खाली केला, लाट बसली. आबांनी हे दोन-तीनदा करून पाहिलं, आपला हात तपासला, मग म्हणाले, “बरं हाय. पण यानं होतंय काय?”

समीक्षक हाच प्रश्न चार पानं लावून विचारतात आणि वर जर्मन तत्त्ववेत्त्यांची नावं घेतात.

गावात मला ‘कॉम्प्युटरमधलं लेकरू’ म्हणून ओळखतात आणि त्या नात्यानं पीकविम्याचे फॉर्म, ई-केवायसी, पासवर्ड विसरलेले फोन आणि लग्नपत्रिकेतला ‘श्र’ न उमटणारे प्रिंटर माझ्याकडं येतात. “काय करायलास?” असं विचारत माणूस आत येतो आणि उत्तराची वाट न बघता खिशातून आधार कार्ड काढतो. सुरुवातीला मी चिडायचो. आपण पाइकच्या परंपरेतले, आणि हे काय! पण त्यातूनच मला महाराष्ट्रातल्या सगळ्यात मोठ्या इंटरॅक्टिव्ह इन्स्टॉलेशनचा शोध लागला. तिचं नाव ई-पीक पाहणी.

थट्टा नाही करत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्यानं स्वतःच्या शेतात जायचं, मोबाईलवर ॲप उघडायचं, ॲपला तो उपग्रहाच्या साहाय्यानं नेमका सापडला पाहिजे, मग पिकाचा फोटो काढायचा, आणि मग ते पीक सातबाऱ्यावर उमटतं. मानवी शरीर आहे, अवकाश आहे, यंत्र आहे, संवाद आहे. माझ्या कॅटलॉगातलं एकूण एक नाम तिथं हजर आहे. भर उन्हात, कमरेएवढ्या तुरीत, एक हात वर करून नेटवर्कची कांडी शोधत सावकाश गोल फिरणारा माणूस मी चाटोरीच्या रस्त्यानं पाहिला आणि मला आमच्या क्षेत्रातल्या कुठल्याही परफॉर्मन्सपेक्षा तो सरस वाटला. त्याला अनुदान मात्र आमच्यापेक्षा उशिरा मिळतं.

आणि पिकाचा फोटो दाखवून पैसे उभे करायची कल्पना सरकारची नव्हेच. ती दादासाहेब फाळक्यांची. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल पाहिजे, सावकार विश्वास ठेवायला तयार नाहीत, तेव्हा १९१२ मध्ये फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्यापुढं कॅमेरा लावला आणि रोप वाढताना थोडं थोडं टिपत गेले. पडद्यावर दाणा फुटतो, कोंब येतो, वेल चढतो, सगळं बघता बघता. ते पाहून पैसे देणारे तयार झाले. ज्याच्यामुळं खरोखर पैसा हाती आला, अशी ही महाराष्ट्रातली पहिली पीक पाहणी. हेच फाळके ‘प्रोफेसर केळफा’ या उलट्या नावानं जादूचे प्रयोगही करायचे, म्हणजे ते आमच्यातलेच.

फाळक्यांचं नाव निघालं की मला कल्याणला जावंच लागतं. वाचकांनी रागावू नये. घरचे, मित्र, बायको, सगळे या वळणावर उठून चहा टाकायला जातात, तुम्हीही जाऊन या.

तर कल्याणला महादेव गोपाळ पटवर्धन म्हणून गृहस्थ होते. १८९२ मध्ये, म्हणजे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चित्रं हलायच्या चार वर्षं आधी, त्यांनी ‘शांबरिक खरोलिका’ नावाचा खेळ सुरू केला. नाव ऐकून दुखणं वाटतं, पण तो जादूचा दिवा होता. काचेच्या पट्ट्यांवर हातानं चित्रं रंगवायची, दिव्याच्या उजेडानं ती पडद्यावर मोठी करून पाडायची, आणि पट्ट्या अशा चटचट सरकवायच्या की चित्रातली माणसं हालचाल करतात असं वाटावं. जोडीला निवेदन, गाणं. रामायण-महाभारतातल्या गोष्टी असायच्या, सर्कससुद्धा असायची. पटवर्धनांची मुलंही या उद्योगात. बाप आणि पोरं मिळून सिनेमा नसताना सिनेमा करत होते.

मी त्या काचांबद्दल विचार करायला लागलो की माझी रात्र जाते. एवढ्याशा काचेवर रावणाचं तोंड काढायचं म्हणजे कुंचला किती बारीक लागत असेल! काचेवर रंग फराटतो, एक चूक पडद्यावर हातभर दिसते. पट्टी लवकर सरकली तर बाण सुटायच्या आधीच राक्षस पडणार, उशिरा सरकली तर बाण लागूनही उभा राहणार आणि लोक हसणार. आज आम्ही ज्याला लेटन्सी म्हणतो आणि मिलिसेकंदात मोजून ईमेलींतून एकमेकांवर ढकलतो, ती गोष्ट पटवर्धनांच्या बोटांत होती. निवेदकानं श्वास घेतला की पट्टी थांबत असणार. समोर पोरं किंचाळली तर राक्षस थोडा जास्त वेळ ठेवत असणार. हे माझे तर्क आहेत, पण कुठलाही खेळ दाखवणारा माणूस हेच करेल. अंधारात, दिव्याची धग सोसत, प्रेक्षकांना पाठमोरं न होता बसलेला माणूस, आणि पुढं लोकांना वाटतंय की चित्र आपोआप हलतंय.

माझं म्हणणं एवढंच की गाण्यात जशी किराणा आणि जयपूर, तशी आमच्यातही घराणी मानली पाहिजेत. त्यात कल्याणचं पटवर्धन घराणं आद्य, आणि त्याची मराठवाड्यातली गादी पालमला. गुरूकडून प्रत्यक्ष तालीम मिळाली नाही, मधे सव्वाशे वर्षांचा खंड आहे, पण गादीवर दुसरा कुणी हक्क सांगत नाही तोवर मी बसलेला आहे. तसं जुनं बघायचं तर गंगाखेड आमच्या शेजारीच. तिथल्या जनाबाईला जात्यावर बसल्या बसल्या साक्षात विठ्ठल येऊन साथ द्यायचा म्हणतात. हाक मारली की उत्तर. असला प्रतिसाद कुठल्याही प्रोसेसरवर आजवर कुणाला जमलेला नाही. पण तिच्या घराण्यात शिरायची माझी लायकी नाही, म्हणून मी कल्याणवर समाधान मानतो.

चहा झाला असेल तर गणपतीकडं येऊ.

गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना ‘काहीतरी हटके’ पाहिजे होतं. हलते देखावे आमच्याकडं नवे नाहीत. वायपरची मोटर, सायकलची साखळी आणि लाकडी चकती एवढ्यावर भीमाची गदा वर-खाली करणारे कारागीर मी लहानपणापासून बघतो आणि त्यांच्यापुढं माझी डिग्री झाकून ठेवतो. मी म्हटलं, आपण असं करू, भक्तानं हात जोडले की गणपतीच्या मागच्या पडद्यावर जास्वंदीच्या पाकळ्या पडतील. पोरांनी लगेच बॅनर लावला: ‘मराठवाड्यात प्रथमच एआय गणपती’. बॅनरवर गणपती कोपऱ्यात होता, मधे नेते होते, आणि पहिल्यांदाच गावात माझाही फोटो लागला होता. तो बघायला मी त्या रस्त्यानं विनाकारण जाऊ लागलो. फोटोत मी हनुवटीवर हात ठेवून शक्यता धुंडाळत होतो.

सेन्सर म्हणून जुना किनेक्ट होता. मायक्रोसॉफ्टनं २०१० मध्ये व्हिडिओ गेमसाठी काढला, आम्ही जगभरच्या कलावंतांनी तो पळवला, २०१७ मध्ये कंपनीनं उत्पादन थांबवलं आणि तेव्हापासून आमची अख्खी कला सेकंडहँडवर चालली आहे. हे यंत्र माणसाच्या देहात वीस सांधे ओळखतं. पहिल्या संध्याकाळी जीन्स घातलेल्या पोरांनी हात जोडले, पाकळ्या पडल्या, शिट्ट्या वाजल्या. मग म्हातारी माणसं आली. धोतरातले गुडघे यंत्राला सापडेनात. डोक्यावरून पदर घेतलेली बाई समोर आली की ते मान कुठं संपते आणि खांदा कुठं लागतो याच्या विचारात पडायचं. नऊवारी बघितल्यावर तर त्यानं हातच टेकले. मी संवेदनशीलता वाढवली. मग पंख्यानं हार हलला तरी पाकळ्या, कुत्रं आलं तरी पाकळ्या, आणि आरतीच्या वेळी तर इतक्या पाकळ्या की पुजाऱ्यांनी मागं वळून “आरं, जरा दमानं” म्हटलं.

किनेक्टची वायर काढून टाकली. लॅपटॉप मांडीवर घेतला, पडद्याला फट ठेवली आणि अंगठा स्पेसबारवर. घराणं ते घराणं.

तिथं बसल्यावर एक गोष्ट ध्यानात आली, जी आमच्या कुठल्या पुस्तकात नाही. माणूस हात जोडतो तेव्हा डोळे मिटतो. म्हणजे यंत्र कितीही हुशार असतं आणि हात जुळताक्षणी त्यानं पाकळ्या सोडल्या असत्या, तरी ज्याच्यासाठी सोडल्या त्याला त्या दिसल्याच नसत्या. मागचे बघणार, तो नाही. तेव्हा हातांकडं बघायचंच नाही, पापण्यांकडं बघायचं. कुणाचे डोळे चटकन उघडतात, परीक्षा तोंडावर आलेल्या पोरांचे जास्त वेळ मिटलेले राहतात, नवीन लग्न झालेली जोडपी एकमेकांचे उघडले का ते अर्ध्या डोळ्यानं बघतात. डोळे उघडल्यावर लगेच नाही, नजर वर मूर्तीकडं गेली की मग दाबायचं. ही लय साधली आणि मंडपात खरोखर जादू सुरू झाली. लोक एआयची तारीफ करत होते. मी आत डास मारत होतो.

त्या दिवसांत आत्या आमच्याकडं आली होती. तिच्याबरोबर त्याच महिन्यात मी तिच्या गावी रेशन आणायला गेलो होतो, पिशव्या धरायला. तिथल्या यंत्रावर तिनं अंगठा ठेवला. यंत्र बोंबललं. तिनं अंगठा पदराला पुसला, त्यावर तोंडाची वाफ सोडली, पुन्हा ठेवला. पुन्हा तेच. दुकानदारानं ओलं फडकं दिलं. मग दुसरं बोट, मग डावा हात. मागची रांग कुजबुजायला लागली. मी तिचा अंगठा पहिल्यांदा नीट बघितला. त्यावर रेषा म्हणाव्यात असं काही उरलेलंच नव्हतं. जन्मभर कापूस वेचलेला हात तो, बोंडाच्या वाळल्या टोकांनी आणि भांड्यांच्या राखेनं सगळं घासून सपाट केलेलं. “उद्या या,” दुकानदार म्हणाला. त्याच्यापाशी तरी दुसरं काय होतं! बाहेर आल्यावर आत्या म्हणाली, “मह्याच बोटात खोट असल.”

या यंत्रांचं थोडंफार मला कळतं. ठसा किती जुळला म्हणजे माणूस खरा धरायचा, याचा एक आकडा असतो. तो कुणीतरी एसीत बसून ठरवलेला असतो. आकडा वर ठेवला तर चोर कमी घुसतात आणि खरे जास्त अडतात, खाली ठेवला तर उलट. गॅलरीत मी तो इतका खाली ठेवतो की वाइनच्या ग्लासासकट कुणीही हात हलवला तरी भिंतीनं उत्तर द्यावं, कारण उत्तर मिळालं नाही तर पाहुण्यांना वाईट वाटतं. आणि इथं जिच्या पोटाचा प्रश्न आहे तिच्यासाठी तो वर ठेवलेला. ठेवणाऱ्याच्या अंगठ्यावरच्या रेषा शाबूत असणार. ठसा जुळला नाही तर दुसरे मार्ग आहेत म्हणतात, आहेतही, पण ते माहीत असलेला माणूस त्या दिवशी जागेवर असावा लागतो. पुष्कराजवाल्या पंजामागं मात्र एक पोरगं कायम बसवलेलं असतं. सहावा पंजा रुसू नये म्हणूनसुद्धा.

असो. आत्या मंडपात आली तेव्हा गर्दी होती. तिनं हात जोडले, डोळे मिटले, ते उघडेचनात. मागून ढकलाढकली चालू झाली, स्वयंसेवक “चला माय, चला” म्हणायला लागला. मी अंगठा धरून बसलो. डोळे उघडले, नजर वर गेली, मी दाबलं. मला आठवतंय त्याप्रमाणे त्या रात्री एवढ्या पाकळ्या दुसऱ्या कुणाला पडल्या नाहीत, कारण मी स्पेसबार सोडलाच नाही.

रात्री जेवताना आत्या म्हणाली, “तुह्या मशिनीला महा हात कळला बघ.”

मी गप्प राहून मोठेपणा घेणार होतो. जमलंही असतं. पण आबा मला रोज मंडपामागं चहा आणून देत होते. ते भाकरी मोडत म्हणाले, “कळंल की. तिथं माणूस बसविलाय.”

आत्यानं माझ्याकडं बघितलं. “तू बसला होतास व्हय?” मी मान हलवली. मला वाटलं, हिरमुसली. तिनं आमटीत भाकरी चुरली आणि विचारलं, “मग रेशनला का नाही बसवीत?”

आबांनी ‘यानं होतंय काय’ असं तेव्हापासून विचारलेलं नाही, पण तुरीचे भाव पडल्यापासून ते फारसं काहीच विचारत नाहीत, त्यामुळं त्याचं श्रेय मी घेत नाही. कॅटलॉगातलं वाक्य बदलून ‘हा कलावंत पडद्यामागे बसतो’ असं करावं, असं मी क्युरेटर बाईंना कळवलं. त्यांना ते फारच वैचारिक वाटलं आणि त्यांनी त्यावर निबंध मागवला. तो मी लिहीत नाही, हा लिहिला.

मंडळाचे अध्यक्ष म्हणतात, पुढच्या वर्षी सगळं ऑटोमॅटिक करा, माणूस बसवायची भानगड नको. त्यांना दोन्ही दर सांगितले आहेत. ऑटोमॅटिक स्वस्त आहे आणि जीन्स घालून येणाऱ्या भक्तांसाठी उत्तम चालतं. माणूस बसवलेला देखावा महाग पडेल, कारण त्याला पापण्या बघता आल्या पाहिजेत.

पेठशिवणीकडच्या एका मंडळाची चौकशी येऊन गेली आहे. बाकीच्यांनी नागपंचमीच्या आत कळवावं. निम्मी रक्कम आगाऊ, जनरेटर मंडळाचा, बॅनरवर फोटो असला तर हरकत नाही. पडद्यामागं बसायला एक खुर्ची लागेल. प्लॅस्टिकची चालेल, पण चारही पाय शाबूत असलेली द्यावी.